दहा वाजता उघडणारे हात

माझ्या हातांना आळशी म्हणणारं पहिलं माणूस म्हणजे माझी सासू. हिवाळ्यातली सकाळ होती. परातीत पीठ घेतलं, पाणी ओतलं आणि मळायला मूठ वळावी तर वळेना. बोटं सुजून टम्म झालेली, मनगटात खिळा ठोकल्यासारखी कळ. सासू उंबऱ्यात बसून मिश्री लावत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"काहून बसून राहिली? हाताला मेंदी लावली काय?"

"आत्याबाई, बोटं वळून न्हाई राहिली."

"आळस आधी बोटात शिरतो, मंग अंगभर होतो," ती म्हणाली आणि चूळ भरायला उठली.

मला तेव्हा बत्तिसावं लागलं होतं. हिंगोली जिल्हा व्हायचा होता अजून, आमचे कागद परभणीला जायचे. आमची वस्ती भोयांची, कळमनुरी तालुक्यात, धरणाच्या फुगवट्याच्या काठाला. समोर पाणी आणि पाण्यापलीकडं यवतमाळचे डोंगर. गड्यांनी मासे मारायचे आणि बायांनी विकायचे, अशी वस्तीची रीत. ती मी मोडली होती. माझ्या बापाला लेक नव्हता, मग त्यानं मलाच नदीवर नेलं, पोहायला शिकवलं, जाळं लावायला शिकवलं. लग्न होऊन इथं आले तशी नवऱ्याच्या बरोबरीनं पाण्यात उतरले. पहिल्या वर्षी वस्तीनं नावं ठेवली. दुसऱ्या वर्षी माझे मासे पाहिले आणि तोंडं मिटली.

बापानं दिलेलं जाळं होतं आणि माझी स्वतःची ट्यूब होती, ट्रकच्या चाकाची. तिच्यावर फळी बांधलेली. फळीवर बसायचं, पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात सोडायचे आणि दोन हातात दोन फळकुटं घेऊन वल्हवत जायचं. जाळं संध्याकाळी लावायचं. ते पाण्यात भिंतीसारखं उभं राहतं. खाली शिशाचे मणी, वर तरंगायला जुन्या चपलांचे तुकडे. मासा त्यात डोकं घालतो आणि कल्ल्यापाशी अडकतो. उजाडता उजाडता जाऊन जाळं उचलायचं, एकेक मासा बोटांनी सोडवायचा आणि आठ वाजता मच्छीमार सोसायटीची बर्फाची जीप यायची, तिच्यात टाकायचा. आठच्या पुढं जीप थांबत नसे.

माझ्या दुखण्याचा हरामीपणा असा, की ते सकाळचं होतं. दहा-साडेदहाला ऊन तापलं की बोटं हळूहळू उघडायची. दुपारी मी भाकरी थापायची, धुणं पिळायची. म्हणून तर कुणाला खरं वाटायचं नाही. "आत्ता तर बराबर काम करून राहिली. मंग सकाळीच काय होतं हिला?" आणि मासा सकाळीच निघायला पाहिजे.

वर्षभर मी तसंच ओढलं. नवरा जाळं उचलून काठावर आणायचा आणि मी मासे सोडवायची. बोटांनी जमेना तेव्हा दातांनी दोरा धरायची. शिंगटी माशाचा काटा एकदा ओठात घुसला. तिकडं जीपवाला हॉर्न वाजवतोय आणि इकडं नवरा डोक्यावर उभा, "चल, चल की! जीप जाईल ना!" एका सकाळी मी विळा घेतला आणि जाळंच कापून अडकलेला कटला मासा बाहेर काढला. नवऱ्याचं तोंड काळंठिक्कर पडलं. "जाळं कापतात का कोणी?" म्हणाला. मी म्हटलं, "बोटं कापू का मंग?" त्या दिवशी तो जेवला नाही. मी जेवले.

सल्ले तर येता-जाता मिळायचे. निरगुडीचा पाला बांध, एरंडाचं तेल चोळ, मेथ्या खा, रुईचं पान तापवून लाव. सगळं केलं. निरगुडीनं बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू, पण तासाभरापुरतं. आखाडा बाळापूरच्या बाजारात एकदा मी मरळ घेऊन बसले होते. एक जण आला, धोतर-टोपीतला, चांगला माणूस दिसत होता. मासा तराजूत टाकताना माझ्या हातातून निसटला. त्यानं माझी बोटं पाहिली आणि मान हलवून म्हणाला, "जीव मारता ना तुमी. तो जीव मंग हाडात येऊन बसतो."

मी विचारलं, "आन खाणाऱ्याच्या हाडात काय बसतं, काका?"

आजूबाजूच्या बाया हसल्या. त्यानं मरळ घेतलाच, पण तोंड फिरवून घेतला. त्या हसण्यानं माझा राग काही गेला नाही. पुढं कित्येक दिवस दुखलं की तेच वाक्य आठवायचं, आणि मनात कुठंतरी मी पण विचार करायची, खरं असंल का? माझ्या डोक्यात त्या माणसानं ते घालून ठेवलं, याचा राग मला जाळ्यात मासे पडल्यावरही यायचा आणि न पडल्यावरही.

मग कुणीतरी त्या सुईवाल्या डॉक्टरचं सांगितलं. रस्त्यावरच्या एका गावात एक खोली घेऊन तो बसायचा. भिंतीवर काचेत मढवलेला कागद होता, तो कसला ते कुणी विचारलं नाही. बाहेर बाकावर सगळी गुडघ्यांची आणि कंबरेची माणसं. त्यानं माझ्या बोटांना हातसुद्धा लावला नाही. सुई टोचली, कागदाच्या पुड्या बांधून दिल्या आणि म्हणाला, "उद्या सकाळी सांग मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातच माझी मूठ वळली. मी ती उघडली, परत मिटली, परत उघडली. मला रडू फुटलं. सासू म्हणाली, "आता कशाला रडून राहिली?" मी तिला मूठ दाखवली. तिला काही कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

दीड वर्ष मी त्या पुड्या खाल्ल्या. आधी एक, मग दोन, मग तीन. सकाळी पाच वाजता मी पाण्यात असायची आणि जीप यायच्या आत टोपली भरून उभी राहायची. तोंड भाकरीसारखं फुगलं. वस्ती म्हणाली, कशी भरली बघा. दंडाला जरा काही लागलं की काळेनिळे डाग उठायचे. मी म्हटलं, उठू दे. आता कुणी डॉक्टर मला म्हणेल, बाई, तुम्ही विचारायला पाहिजे होतं पुडीत काय आहे ते. कुणाला विचारणार होते? पुडीवर नाव नव्हतं. ज्यानं दिली त्यालाच विचारलं होतं, तर तो म्हणाला, "तुला फरक पडून राहिला ना? मंग खाय की."

एके दिवशी गेले तर खोलीला कुलूप. बाकसुद्धा उचलून नेला होता. शेजारचा चहावाला म्हणाला, "गेला. कुठं गेला सांगून न्हाई गेला." माझ्याजवळ चार पुड्या उरल्या होत्या. त्या संपल्या आणि आठ दिवसांत मी अशी पडले, की न्हाणीपर्यंत भिंत धरून जावं लागलं. आधी बोटं होती, आता खांदे, कोपरं, गुडघे, घोटे, सगळं पेटलं. पुन्हा तो मला कधी दिसला नाही. दिसला असता तर काय केलं असतं ते मला चांगलं माहीत आहे. म्हणून दिसला नाही तेच बरं.

त्याच दिवसांत वाऱ्याची गोष्ट झाली. नवरा वसमतला नणंदेकडं गेला होता, तिच्या घरी कार्य होतं. जाताना जाळं लावून गेला आणि भावकीतल्या एकाला उचलायला सांगून गेला. तो आलाच नाही. नऊ वाजले. जाळ्यातला मासा उन्हानं सडणार, हे मला बसल्या जागी दिसत होतं. मी ट्यूब काढली. कशी काढली ते विचारू नका. अंगाखाली घेऊन ढकलत नेली.

अर्ध्या जाळ्यापर्यंत पोचले आणि डोंगराकडून वारा सुटला. फळकुटं हातात धरावी तर बोटं गोल होईनात. एक निसटलं, मागोमाग दुसरं गेलं. मी तळव्यानं पाणी मारायला लागले, पण वाऱ्यापुढं तळवे काय करणार? ट्यूब फिरत फिरत आत गेली. मी भोयाची पोर, मला पाण्याचं भय नव्हतं. पण पोहायला खांदे लागतात आणि खांदे माझे नव्हते. हाका मारल्या. काठावर कुणी नव्हतं.

धरणात बुडालेल्या बाभळी आहेत, उन्हाळा लागला की त्यांची खोडं वर येतात. तशा एका खोडाला ट्यूब अडकली. मी कोपर त्या खोडाभोवती घातलं आणि तशीच राहिले. पाय पाण्यात बधिर झाले. एक वेळ अशी आली की मी मोठमोठ्यानं शिव्या द्यायला लागले. नवऱ्याला, भावकीतल्या त्या माणसाला, सुईवाल्याला, वाऱ्याला, माझ्या हातांना. शिव्या संपल्या की परत पहिल्यापासून.

त्या शिव्या ऐकूनच ती आली. बंजाऱ्यांच्या तांड्यावरची बाई, माझ्याच वयाची, शेळ्या चारायला फुगवट्याच्या टोकाला आली होती. तिनं शेळीचं दावं सोडलं, दुसरं त्याला बांधलं, कंबरभर पाण्यात शिरली आणि माझ्याकडं फेकलं. मला धरता येईना. तिच्या लक्षात आलं. "काखेत घे! हातानं नको, काखेत!" ती ओरडली. मी दावं काखेत दाबलं आणि तिनं मला ट्यूबसकट ओढून काढलं. काठावर बसून तिनं माझी बोटं आपल्या पदरात घेतली, चोळली नाहीत, नुसती धरून ठेवली. म्हणाली, "माझ्या याडीचे असेच होते." याडी म्हणजे त्यांच्यात आई.

नवरा परत आला, त्याला कळलं आणि तो घाबरला. घाबरला की त्याचं तोंड बंद होतं. दोन दिवसांनी मला नांदेडला घेऊन गेला, मोठ्या दवाखान्यात. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं माझं एकेक बोट दाबून पाहिलं. रक्त तपासलं. पुड्यांचं ऐकून तिचे ओठ आवळले गेले. "त्यात स्टेरॉइड असणार," ती म्हणाली, "एकदम बंद झाल्यामुळं असं झालं. हा संधिवात आहे, रक्तातला. वयाचा नाही आणि आळसाचा तर नाहीच."

आळसाचा तर नाहीच. हे तिनं आपणहून म्हटलं. मी नवऱ्याकडं पाहिलं. तो भिंतीवरचा तक्ता बघत होता.

तिनं एक पिवळी गोळी दिली, आठवड्यातून एकदाच घ्यायची, आणि बजावलं की रोज घ्यायची नाही, मधूनमधून रक्त तपासायला यायचं, गुण यायला दोन-तीन महिने लागतील. मग म्हणाली, "गार पाण्यात हात घालू नका. जड उचलू नका. आराम करा."

"डाक्टरीणबाई, आराम भाकरीसंगं खायचा का कोरडाच?"

ती हसली नाही. "मला कळतं," म्हणाली. तिला कळत होतं असं मला वाटलं. तरी राग आलाच. कळून तिच्याही हातात काही नव्हतं.

मला आठ दिवस तिथंच ठेवून घेतलं. नवरा दोन दिवस थांबला आणि परत गेला, नंतर न्यायला आला. घरी पोचले. संध्याकाळ होती. परसात गेले तर लिंबाच्या फांदीवर माझी ट्यूब नव्हती. दावणीच्या खुंटीला जाळं नव्हतं. मला वाटलं आत ठेवलं असेल. आत बघितलं.

"माझं जाळं कुठंय?"

नवरा पायातल्या चपला काढत होता. "इकलं."

"कोणाला?"

त्यानं नाव सांगितलं. भावकीतलाच तो, जो त्या सकाळी जाळं उचलायला आला नव्हता.

"काहून?"

"डाक्टरीण काय म्हणली ते तू बी ऐकलं ना. जाळं घरात असलं तर तू जाशील. जाशील आन मरशील एक दिवस. मी कुठं कुठं राखण ठिवू?"

"मला इचारलं?"

"इचारलं असतं तर व्हय म्हणली असती का?"

मी आजवर त्याला तुमी म्हणत आले होते. त्या संध्याकाळी पहिल्यांदा अरे-तुरे केलं. म्हटलं, "तुझं जाळं इकलं का रे मी कदी? माझ्या बापानं दिलेलं ते जाळं. तुझ्या घरातली भांडी इकली असती तर मी काही बोलले नसते. तुला कोणी दिला हक्क?" सासू मधे पडली, "नवऱ्याला अरे म्हणती!" मी तिलाही सोडलं नाही. शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला, त्यांना ऐकायचं होतं. मी म्हटलं, ऐका.

पुढं चार महिने मी त्याच्याशी बोलले नाही. ताट वाढायची, ठेवायची, उठायची. लोक म्हणायचे, तुझ्या भल्यासाठीच केलं त्यानं. मला ते कळत होतं. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं कधी हात उचलला नाही माझ्यावर, दवाखान्यात माझे केस विंचरून दिले होते. पण भलं करायला त्याला माझी गरज लागली नाही, हेच मला सोसत नव्हतं. माझे सांधे दुखण्यानं नेले होते. उरलेलं त्यानं विकलं.

पिवळ्या गोळीनं खरंच दोन-तीन महिने घेतले. गोळीच्या दिवशी मळमळायचं, पण सूज उतरायला लागली. बोटं वाकडी झाली ती झालीच, उजव्या हाताची करंगळीकडं कललेली, ती आजही तशीच आहेत. सकाळचं जखडणं कमी झालं, गेलं नाही. साडेदहाचं दहा झालं इतकंच.

मी पायातले चांदीचे वाळे मोडले आणि नायलॉनची जाळी आणली. जाळी तयार मिळते, पण ती दोराला बांधावी लागते, वितीवितीवर गाठ. धडधाकट माणूस ते काम चार-पाच दिवसांत करतो. मला सगळा उन्हाळा लागला. सायकलच्या आऱ्याचा आकडा करून घेतला, त्यानं दोरा ओढायचा. दुपारी हात उघडले की बसायचं आणि कळ यायला लागली की उठायचं. नवरा येता-जाता बघायचा. अडवायची त्याची हिंमत नव्हती.

एका दुपारी सासू येऊन समोर बसली. तिनं शिशाचे मणी घेतले आणि दोरात ओवायला लागली. ओवताना ती अंगठा आणि मधलं बोट वापरत होती, पहिलं बोट ताठ बाजूला. मी तिचे हात नीट पाहिले. पंधरा वर्षं एका घरात राहिले, पण पाहिले नव्हते. पेरापेरावर गाठी होत्या.

"आत्याबाई, तुमाला बी सकाळी असंच व्हायचं?"

"व्हायचं," ती म्हणाली.

"किती साल?"

"हे पोरगं पोटात व्हतं तवापासून." हे पोरगं म्हणजे माझा नवरा.

"मंग मला आळशी काहून म्हणल्या?"

तिनं मणी ओवणं थांबवलं नाही. "मला बी म्हणत व्हते."

दुसरी एखादी असती तर तिथं सासूच्या गळ्यात पडली असती. मी नाही पडले. माझ्या अंगाचा भडका झाला. तिला माहीत होतं! पहिल्या सकाळी, पीठ परातीत असताना, मला काय होतंय हे त्या घरात तिला एकटीला माहीत होतं. आणि तिनं तेच म्हटलं, जे तिला म्हटलं गेलं होतं. मी मण्यांची वाटी तिच्या हातातून काढून घेतली. ती उठून आत गेली. दुसऱ्या दुपारी परत आली आणि परत बसली. त्या वेळी मी वाटी तिच्यापुढं सरकवली. ते जाळं त्या उन्हाळ्यात तिच्या आणि माझ्या वाकड्या बोटांनी पुरं झालं. तरी ती मरेपर्यंत माझ्या मनातून ते गेलं नाही.

बाळापूरच्या पंक्चरवाल्याकडून ठिगळं लावलेली ट्यूब आणली. फळकुटांच्या मुठींना सायकलची रबरी ट्यूब गुंडाळून त्या जाड केल्या, म्हणजे बोटं पुरी वळली नाहीत तरी धरता येतात. आता प्रश्न वेळेचा. माझे हात दहाला उघडतात, तर मी दहालाच पाण्यात जाणार, हे मी ठरवलं. पण दिवसा मासा जाळ्यात येत नाही. नितळ पाण्यात त्याला जाळं दिसतं. वस्तीतले गडी हसले. "दुपारचे मासे झोपतात व्हय?"

मी फुगवट्याच्या टोकाला गेले, जिथं ओढा येऊन मिळतो आणि तांड्याची गुरं दिवसभर पाण्यात बसतात. तिथलं पाणी कायम गढूळ. गढूळ पाण्यात माशाला दुपारही सारखी आणि रात्रही सारखी. दहाला जाळं लावलं, काठावर ऊन खात बसले, तीनला उचललं. मोठा रोहू-कटला नव्हता, पण चिलापी होती, ओंजळभर झिंगे होते. सगळे हातानं सोडवले. दात लावावे लागले नाहीत. शेळीवाली तिथंच होती. तिनं पहिल्या टोपलीतले मासे आपल्या लुगड्याच्या ओच्यात घेतले आणि तांड्यावर हाळी दिली. संध्याकाळी चुली पेटायच्या वेळी ताजा मासा दारात, तांड्याला दुसरं काय पाहिजे? मला रोज वाट बघणारे लोक मिळाले.

वर्षभरानं ते सोसायटीच्या डोळ्यात आलं. धरणाचा मासा जीपमध्येच गेला पाहिजे, असा त्यांचा नियम. मीटिंग देवळाच्या ओट्यावर झाली. चेअरमन म्हणाले, "वहिनी, नियम सगळ्याला सारखा."

"बराबर," मी म्हटलं. "मंग जीप दहाच्या पुढं थांबवा. म्या मासा जीपमधी टाकीन."

"जीप कशी थांबल? बर्फ वितळतो."

"तुमचा बर्फ वितळतो म्हणून सगळ्या वस्तीनं घाई करायची. माझे हात उघडत न्हाईत तर तुमी तासभर थांबून न्हाई राहिले. नियम सारखा कुठं हाय?"

"हे बघा, तुमचं नावच न्हाई सोसायटीत. मेंबर तुमचा नवरा हाय." आणि त्यांनी माझ्याकडं पाठ करून त्याला विचारलं, "बोला, तुमी काय म्हणता?"

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. मी बघितलं नाही. मला वाटलं, आता हा दुसऱ्यांदा माझं जाळं विकणार. तो ओट्याच्या कडेला बसला होता. मग म्हणाला, "तिचं जाळं तिचं हाय. मला काहून इचारून राहिले?"

पुष्कळ लोकांना वाटलं की त्यानं माझी बाजू घेतली. घेतली नव्हती. ती बरोबर आहे असं तो बोलला नाही. फक्त आपला हात काढून घेतला. पण दोन वर्षांपूर्वी तोच हात त्यानं घातला होता, तेव्हा काढून घेतला हेही काही कमी नव्हतं, असं मी आज म्हणते. त्या दिवशी म्हटलं नाही. सोसायटीनं बरीच कुरकुर केली आणि शेवटी ठरलं, की मी माझ्या नावानं मासेमारीच्या पासचा वेगळा अर्ज करायचा, पास आला तर मासा कुठंही विकायचा.

अर्ज करायला आम्ही हिंगोलीला गेलो. तोवर जिल्हा झाला होता. कचेरीत रांग होती, खिडकीत कारकून. त्यानं माझे कागद उलटसुलट केले, माझी बोटं पाहिली आणि शाईची डबी पुढं सरकवली.

"आंगठा लावा."

"सही करते."

"आंगठा चालतो, बाई. कशाला तकलीफ घेता?"

"म्या सातवी पास हाय. सही करते."

मागून कुणीतरी च्च केलं. सकाळचे साडेनऊ वाजलेले. पेन दोन बोटांत राहीना. मी ते अंगठ्याच्या बेचक्यात अडकवलं, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि लिहायला लागले. माझं नाव, बापाचं नाही तर नवऱ्याचं नाव, आडनाव. अक्षरं वर-खाली गेली. मधे एकदा थांबून हात झटकावा लागला. रांगेतला एक जण म्हणाला, "आंगठ्यानं कवाच झालं असतं." मी वळून म्हटलं, "थांबा. म्या लई वर्षं थांबले." कारकुनानं शाईची डबी मागं ओढली. आडनावाची शेवटची वेलांटी काढेपर्यंत मला घाम फुटला होता. सही वाचता येत होती.

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "आंगठा लावला असता तरी झालंच असतं की. उगाच तरास."

स्टँडवर कळमनुरीची बस लागली होती. खिडकीची जागा मिळाली. त्यानं माझी पिशवी घेऊन आपल्या मांडीवर ठेवली, मी घेऊ दिली.